शेवटचं हसू

"जीपवाल्याचा चेहरा यंत्र तुमच्या आठवणीतून काढून घेईल, मावशी. पण ती अख्खी संध्याकाळ पुराव्यात जमा होते, परत मिळत नाही," हवालदार घुगेबाई म्हणाल्या.

वत्सलामावशींनी यंत्राची टोपी डोक्यावरून काढून मांडीवर ठेवली. "जीपनं उडवलं, त्याच्या जरासं आधी हे हसले होते गं. ते शेवटचं हसू. तेही जाणार?"

"जाणार. आणि नाही दिलं, तर तो जीपवाला मोकळाच फिरणार."

घुगेबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "आधी मला सांगा सगळं. मी लक्षात ठेवते."

"परक्या माणसाचं हसू तुझ्या लक्षात राहील?"

"राहील की! आमचे हे हसतच नाहीत, जागा रिकामीच आहे."

मावशी बोलत राहिल्या, चहा गार झाला. मग त्यांनी आपणहून टोपी चढवली.

पडद्यावर जीपवाल्याचा चेहरा उमटला. मावशींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सांग आता," त्या म्हणाल्या.

"तुम्ही घाईत एका पायात काकांची चप्पल घालून निघाला होतात..."

"अगं बाई!" मावशींनी तोंडाला पदर लावला. "मग? हे काय म्हणाले?"