हात वर

"आंटी, जरा लोलोंचा हात वर करा ना," टॅब्लेटमधला नातू म्हणाला, आणि कांताने केला.

तिला वाटलं, टाटा करायचाय. सिडनीतल्या पेंडल हिलच्या त्या नर्सिंग होममध्ये कोविडमुळे तीन महिने बाहेरचं कुणी आत आलं नव्हतं. ज्याची त्याची मुलं-नातवंडं अशीच स्क्रीनवर यायची आणि जाताना सगळीच टाटा करायची. सत्त्याण्णव वर्षांच्या माणसाचा हात आपणहून वर जात नाही, तर मनगट धरून मदत करायची, एवढंच. तिने केली. पलीकडे कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

म्हाताऱ्याने हात असा हिसडला की तिचा ग्लव्ह फाटला.

"कुणाला विचारून? कुणाला विचारून केलास तू माझा हात वर?"

"लोलो, बाय केलं फक्त." लोलो म्हणजे त्यांच्या फिलिपिन्समध्ये आजोबा. बाकीचा स्टाफ त्याला गव्हर्नर म्हणायचा. तिकडच्या एका प्रांताचा तो बारा वर्षं गव्हर्नर होता, आणि त्याच्याही आधी, लढाईत, जपान्यांविरुद्ध त्याने जंगलात गनिमी टोळी चालवली होती.

"बाय? ही निवडणूक आहे, मूर्ख बाई!"

"आंटी, फोटो हलला," नातू म्हणाला. "अजून एकदा. थोडा उंच."

त्याच्या मागे पांढऱ्या शर्टातला एक हसरा माणूस उजवा हात उंच करून उभा होता. तिकडची रीत होती ती. जुन्या पुढाऱ्याने नव्या उमेदवाराचं मनगट धरून हात वर केला, की लोकांनी समजायचं, हा आपला. आता पुढारी सिडनीत अडकलेला आणि उमेदवार तिकडे. म्हणून दोघांचे फोटो वेगवेगळे काढून कॉम्प्युटरवर जोडायचे होते. नातवाने हे सगळं कांताला अगदी गोड आवाजात समजावून सांगितलं.

"कोण आहे तो?" कांताने म्हाताऱ्याला विचारलं.

"साल्सेदोचा नातू. गव्हर्नर व्हायचंय त्याला. आणि माझ्या नातवाला त्याच्या हाताखाली उपगव्हर्नर." म्हातारा तिच्याकडे वळला. "जपान्यांनी आमच्या गावातली माणसं उभी केली होती, तिथे याचा आजोबा आला. डोक्यावर पाल्याची विणलेली पिशवी, डोळ्यांपुरती दोन भोकं. तोंडातून शब्द नाही. नुसतं बोट दाखवत गेला. हा जंगलातला, हा जंगलातला. माझी चौदा माणसं गेली त्यात. मी उसात पडून बघत होतो. तोंड झाकलं तरी माणसाची चाल झाकली जात नाही. ओळखलं मी."

"लोलो, आता कुणाला आठवतंय ते?" नातू म्हणाला. "आणि तुम्ही काय कमी हात वर केलेत? निम्म्या प्रांताचे केलेत."

"केले! चोरांचे केले, दारुड्यांचे केले, तुझ्या बापाचासुद्धा केला. याचा नाही करणार."

कांताला स्वतःच्याच हाताचा राग आला. फाटका ग्लव्ह ओढून तिने बादलीत फेकला.

तेवढ्यात विनिता दारात आली. टीम लीडर. फेस शील्डवर वाफ धरलेली, हातात दिवसाची यादी.

"कांता, काय चाललंय? अजून सहा जणांचे कॉल राहिलेत. फॅमिलीला फोटो हवाय ना? कर हात वर आणि संपव."

"ते नको म्हणतायत."

"अगं, डिमेन्शिया आहे त्यांना. फॅमिली म्हणेल तसं करायचं."

"डिमेन्शिया? चालीवरून माणूस ओळखलेला सांगतायत ते. तुला काल कुणाची शिफ्ट होती ते आठवतं का?"

दोघी मराठीत बोलत होत्या. नातवाला ते कळत नव्हतं, पण सूर कळला असावा. त्याने फोन जरा जवळ घेतला. "एनी प्रॉब्लेम, आंटी? मी मॅनेजरशी बोलू का?"

विनिताने आवाज खाली केला. "ऐकलंस? हे बघ, कम्प्लेंट आली ना, तर मी हात वर करणार. आधीच सांगून ठेवते."

 कांता हसली. रागाने हसू फुटतं तसं.

"कर की. सगळ्यांनी करा. ह्यांचे तेवढे खाली राहू देत."

तिने म्हाताऱ्याचे दोन्ही हात ब्लँकेटवर ठेवले आणि त्यांच्यावर आपले दोन्ही दाबून धरले. एका हाताला ग्लव्ह नव्हता. विनिताला ते दिसलं. आत यायचं तर तिला नवा गाऊन चढवावा लागला असता. ती यादीत बघत पुढच्या खोलीकडे गेली.

"आंटी, प्लीज," नातू म्हणाला. "मिस्टर साल्सेदो ताटकळलेत."

पांढऱ्या शर्टातला माणूस अजून हसत होता. डाव्या हाताने त्याने उजव्या कोपराला टेकू दिला होता.

"बंद करू का कॉल?" कांताने विचारलं.

"नको."

म्हातारा पुढे झुकला. कांताने टॅब्लेटचा स्टँड त्याच्याकडे सरकवला आणि हात परत होता तिथे ठेवला.

"ए पोरा," तो पांढऱ्या शर्टाला म्हणाला. "खाली करू नकोस. माझी माणसं सकाळपासून तशीच, हात वर करून उभी होती. तुझा आजोबा दुपारी पोचला."