डावा कोपरा

"चोवीस पोती! बारा या अंगाला, बारा त्या अंगाला. काट्यावर मोजून भरलीत, किलोचा फरक निघायचा न्हाय!" गेणभाऊनं बोटीच्या मागच्या कडेवरून पाण्यातल्या लेकीला ओरडून सांगितलं.

अक्षदानं पाण्यातच डोळे मिटले. अंगात लाइफ जॅकेट, टाचांखाली आखूड फळी, हातात दोरी, अशी ती डिंभ्याच्या धरणात तरंगत होती. दोन फेऱ्या झाल्या होत्या, आणि दोन्ही वेळा बोटीमागं नुसता फेस उठला होता. लाट नाही. का नाही, ते तिला आत्ता कळलं.

"तात्या, मी काय सांगितलं व्हतं? वाळूची सगळी पोती मागच्या डाव्या कोपऱ्यात!"

"ऐकलं व्हतं की. म्हटलं, पोरगी चुकून बोलली."

आता यात गेणभाऊचा तरी काय दोष? अवसरी बुद्रुकहून मंचरच्या बाजारात कांद्याच्या गाड्या नेण्यात त्याची हयात गेली. त्याची बैलगाडी कधी मागं उलाळली नाही, की एका अंगाला कलंडली नाही. गाडीचं सोडा, घरातही त्याचं तेच. आंबा कापला तर दोन फोडी सारख्या, आणि रागावला तर भरत अन् अक्षदा दोघांवर सारखाच. बहीणभाऊ भांडायला लागले की हा गडी गुपचूप उठायचा आणि गोठ्यात जाऊन बैलांजवळ बसायचा.

बोट दोघा भावंडांनी मिळून घेतली होती. जुनीच, पण पंखा पोटाखाली असलेली, म्हणजे मागं पाण्यात माणूस असला तरी त्याला पात्यांची भीती नाही. अक्षदा दोन वर्षं एका बोट क्लबात हे लाटेवर उभं राहणं शिकून आणि शिकवून आली होती. तिला तेच इथं सुरू करायचं होतं. भरतला बाकडी बसवून पर्यटकांना गोल फिरवायचं होतं. त्यानं बाकडी आणूनसुद्धा ठेवली होती, पलीकडं काठावर. महिनाभर घरात धुसफूस चालली, तेव्हा गेणभाऊनंच तोडगा काढला. रविवारी सकाळी तीन फेऱ्या. लाट उठली तर अक्षदाचं खरं, नाही उठली तर सोमवारी बाकडी ठोकायची. म्हणजे आपल्याला काही बोलायलाच नको!

"तात्या, सरकवा ती पोती," अक्षदा म्हणाली. "बोट एका अंगाला दबली तरच मागं पाणी उठतं."

"कलंडंल गं ती!"

"न्हाय कलंडणार. जराशी कललीच पायजे. सारखी भरली तर फेसच येणार, दुसरं काय?"

गेणभाऊनं लेकाकडं पाहिलं. भरत स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या डोंगराकडं बघत बसला होता. अडवत नव्हता आणि उठतही नव्हता.

"तू काय म्हणतो रं?"

"मी काय म्हणू? पोती तुमी भरली, तुमीच बघा. एक फेरी ऱ्हायलीय."

इथं उठून जायला गोठाही नव्हता. मागं लेक, पुढं लेक, आणि चहूकडं पाणी. गेणभाऊ वाकला आणि त्यानं उजवीकडचं पहिलं पोतं ओढलं.

एकेक करत बाराही पोती डाव्या कोपऱ्यात गेली. डावीकडची पुढची पोतीही त्यानं मागं खेचली. बोट हळूहळू कलली, तसतसा त्याचा जीव खाली-वर व्हायला लागला. भरली गाडी अशी कलली असती तर त्यानं बैल सोडून दिले असते.

"अजून थोडं वजन पायजे!" अक्षदा ओरडली.

पोतं एकही उरलं नव्हतं. गेणभाऊनं मधल्या सीटकडं पाहिलं. दोन्ही फेऱ्या तो तिथंच बसला होता, बरोबर मधोमध, गुडघे जुळवून. त्यानं धोतर खोचलं आणि कोपऱ्यातल्या पोत्यांवर जाऊन फतकल मारली. पाणी तिथून हातभर खाली.

"चल," तो भरतला म्हणाला.

भरतनं बोट सावकाश उचलली आणि वेग अगदी एकसारखा धरला. त्यात त्यानं काही लबाडी केली नाही. डावीकडचं पाणी आधी नुसतंच घुसळलं. मग त्याला पाठ फुटली. हिरवी, गुळगुळीत, चांगली कमरेएवढी लाट बोटीमागं चालायला लागली. अक्षदा फळीवर उठली. दोरी धरून एकेक हात पुढं सरकत लाटेच्या कुशीत आली, आणि दोरी सैल पडताच तिनं ती सरळ बोटीत फेकली. दोरी गेणभाऊच्या मांडीवर येऊन पडली.

"अगं, धर! धर की गं!" तो ओरडला.

पण लेक तिथंच होती, चार हातांवर. कुणी ओढत नव्हतं तरी चालली होती, आणि खुशाल हसत होती.

काठावरची बाकडी आली आणि मागं गेली. भरत आरशात बघत होता. तो म्हणाला, "जमलं राव तिला." मग आवाज जरा मऊ करून म्हणाला, "तात्या, भिजलात पार. या आता मधी. उठली की लाट."

गेणभाऊनं ओली दोरी छातीशी धरली. धोतर मांडीपर्यंत चिंब झालं होतं. तो जागचा हलला नाही.

"न्हाय रं. मी मधी आलो, की तिच्याखालचं पाणी बसंल."