वाढदिवसाचं पान्सित

"आई, मोडू नकोस ना!"

पण खिरीच्या शेवया मोडाव्यात तशी तांदळाच्या नूडल्सची जुडी मी सवयीने मधोमध मोडलीसुद्धा होती. कढईत चिकन, कोबी, गाजर परतून तयार होतं. पाचव्या वाढदिवसाला लेकीला केक नको होता, मारिसेल करायची ते पान्सित हवं होतं.

"का गं? काय झालं?"

"वाढदिवसाला लांबच खायच्या असतात. मारिसेल म्हणायची, नूडल जेवढी लांब, तेवढं माझं आयुष्य लांब."

मारिसेल फिलिपिन्सची. आमच्या दुबईच्या घरी लेकीला सांभाळायची. गेल्या वाढदिवशी मी ऑफिसात मीटिंगला बसून मोबाइलवर घरातला कॅमेरा बघत होते, अर्थातच आवाज बंद करून. मारिसेल लेकीच्या तोंडात हातभर लांब नूडल सोडत होती. घशात अडकली असती म्हणजे? संध्याकाळी मी तिला काढूनच टाकलं. "मॅडम, एकदा ऐकून तर घ्या," ती म्हणत राहिली. मी ऐकलं नाही.

मी गॅस बंद केला. कुणी विचारलंच तर दाखवायला म्हणून तेव्हाची ती क्लिप मी जपून ठेवली होती. आज पहिल्यांदाच आवाज लावून बघितली.

लेकीच्या पाठीवरून हात फिरवत मारिसेल मोडक्यातोडक्या मराठीत सांगत होती, "सावकाश, राणी. चाव, चाव. आई घाबरते."