एकेक जीव

नलिनीताईंच्या पत्राला आपण अजून उत्तर दिलेलं नाही, हे तात्यांना चहाचा पेला खाली ठेवताना आठवलं. पत्र पुस्तकात खुणेसाठी ठेवलं होतं. तेच पान त्यांनी पुन्हा वरपासून वाचायला घेतलं होतं. हे पुस्तक काही पुढे सरकत नव्हतं.

पत्र छोटं होतं. अजेयला शाळेत ठेवायचं की नाही, हे देवासला, शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या बैठकीत ठरणार होतं. 'गॅस उघडा राहिला तेव्हा आणि विहिरीचं दार उघडं सापडलं तेव्हा, दोन्ही वेळा जवळ मोठं माणूस तुम्हीच होतात. काय पाहिलंत ते कळवा. तुमच्या शब्दावर ठरेल.'

तात्यांना हेच नको होतं. धारच्या कॉलेजात ते जन्मभर ग्रंथपाल होते. पुस्तक फाडणाऱ्या मुलालाही त्यांनी कधी मोठ्याने विचारलं नव्हतं. पत्नी गेल्यावर नलिनीताईंनी त्यांना कुक्षीजवळच्या या शाळेत वाचनालय सांभाळायला आणलं. बाकीच्या शाळांनी काढून टाकलेली मुलं इथे राहत. अजेयने देवासला एका शिक्षकांवर बाक ढकलून त्यांचं मनगट मोडलं होतं. इथूनही काढलं, तर पुढे सुधारगृहच.

इथे छडी नव्हती, कुलूपही नव्हतं. विहिरीभोवती जाळी होती, तिला लाल लोखंडी दार आणि नुसती कडी. दार उघडताना कुरकुरायचं. आणखी एक रीत होती. नव्या मुलाने एक जीव निवडायचा आणि सांभाळायचा. धवलने शेळी घेतली, छोट्या आयुषने पेरूचं झाड. अजेय म्हणाला, "मी निवडलाय." कोणता, ते त्याने सांगितलं नाही. कोणी फार विचारलंही नाही.

विहिरीचं दार उघडं सापडलं त्या दुपारी आयुष विहिरीत वाकून कासव शोधत होता. स्वयंपाकीणबाई ओरडल्या म्हणून वाचला. दाराच्या कडीवर अजेयचा हात होता. तात्यांनी तो स्वतः पाहिला होता. त्याआधीचं मात्र त्यांना काही आठवेना. आपलं लक्ष कधी कुठे असतं, असं म्हणून ते स्वतःवरच चिडले.

मुख्याध्यापक योगेंद्र दारात आले.

"तात्यासाहेब, उत्तर गेलं का?"

"आज टाकतो."

"काल पण हेच म्हणालात." ते हसले. "आणि तुमच्या खोलीच्या दाराला हे घुंगरू कसले?"

"अजेयचा चावटपणा. दार उघडलं की वाजतात. सगळी मुलं हसतात."

"भिया, वो मेरी बकरी के हैं!" अंगणातून धवल ओरडला. "चोर है साला!"

योगेंद्र गेले. तात्या उठले. उंबऱ्याजवळ चपला नव्हत्या. ओसरीवर अजेय भिंतीला टेकून बसला होता. हल्ली जिथे बघावं तिथे हा पोरगा मागे असे.

"माझ्या चपला?"

"लपवल्या."

"का?"

"असंच. मजा."

"तात्या की चप्पल उड़ गई!" कोणीतरी सूर लावला आणि सगळे खिदळले. अजेयने दगड उचलला. खिदळणं थांबलं.

"ठेव तो खाली," तात्या म्हणाले. "विहिरीचं दार कोणी उघडलं, अजेय?"

"मीच."

"आणि गॅस?"

"तो पण मीच. बोललो ना सगळ्यांना. लिहून टाका ताईंना."

"अरे, आयुष मेला असता!"

"मेला नाही ना."

"इथून काढलं तर कुठे जाशील, ठाऊक आहे?"

"मला जागा आहे. सुधारगृहवाले तर घेतातच." त्याने तात्यांकडे सरळ पाहिलं. "तुम्हाला कोण घेईल?"

तात्यांचे कान तापले. आजोबांच्या वयाच्या माणसाला असं बोलतो! ते वळले.

"तात्या," मागून तो म्हणाला, "जेवणानंतर माझी भांड्यांची पाळी आहे. तोवर बाहेर नका जाऊ हं. ऊन आहे."

वर हुकूमही.

जेवण झाल्यावर तात्यांनी कागद ओढला. आधी लिहिलं, मुलगा मुळात वाईट नसावा. ते खोडलं. मग एका दमात लिहून काढलं. 'कडीवर त्याचा हात मी डोळ्यांनी पाहिला. दोन्ही गोष्टी तो स्वतः कबूल करतो. पश्चात्ताप नाही. लहान मुलांच्या जिवाचा विचार करता त्याला इथे ठेवू नये.' खाली सही केली. पाकिटावर देवासचा पत्ता घातला.

टपालपेटी फाटकाबाहेर कडुनिंबाखाली होती. तात्यांनी घुंगरांची दोरी सोडून खुंटीला अडकवली आणि अनवाणीच निघाले. अंगणात चिटपाखरू नव्हतं. मागच्या बाजूने भांड्यांचा आवाज येत होता. धूळ तापली होती. तळपाय भाजले, तसे ते सावली बघून चालू लागले. मनात एकेक वाक्य पुन्हा घोळवलं. आपण अन्याय तर करत नाही ना? पण जे पाहिलं तेच लिहिलं होतं.

पायाखाली गार लागलं. समोर लाल लोखंड दिसलं, तेव्हा फाटक आलं म्हणून त्यांना हायसं वाटलं. कडी काढून त्यांनी ते जोर लावून ढकललं. ते कुरकुरलं.

मागे भांडं आपटल्याचा आवाज झाला. मग पळणारी पावलं.

"तात्या! थांबा! हलू नका!"

पत्र हिसकावायला आला, तात्यांना वाटलं. ते पेटीत टाकायला त्यांनी घाईने हात पुढे केला. तेवढ्यात साबणाने ओल्या हातांनी कोणीतरी त्यांचा सदरा पाठीमागून घट्ट धरला.

"चला परत," कानाशी अजेय धापा टाकत म्हणाला. "हळू. मी लावतो कडी. दर वेळी लावतो तशी."

तात्यांनी पाकीट सोडलं. थोड्या वेळाने खालून पाण्याचा हलका आवाज आला.