गाठीच्या खाली

दिशानं बोरीच्या खोडाला करवत टेकवली आणि सासूकडं पाहिलं.

"कमरेइतकं ठेवू का, आत्या?"

"आनखी खाली घे. गुडघ्याला."

"मग ही गाठही जाईल."

"जाऊ दे की. जुनं झाड हाय, रोग धरलाय तितं. खालनं काप, म्हंजे जोमानं फुटंल."

दिशानं जन्मात झाड छाटलं नव्हतं. शेवगावात वडिलांचं कापडाचं दुकान. तिथं तिच्या हातात कात्री असायची ती कापडाची. पण नवरा हर्षल वारल्यावर भावकीनं बसून ठरवलं होतं. येत्या संक्रांतीला या झाडांची बोरं बाजारात गेली, तर मळा दिशाकडं राहील. नाही गेली, तर मळा धाकटा दीर गोरख करील आणि तिनं माहेरची वाट धरावी.

म्हणून सासू मनकर्णाबाई आपणहून मळ्यात आल्या, तेव्हा दिशाचे डोळे भरून आले. लेक गेल्यापासून त्या सुनेशी धड बोलल्या नव्हत्या. आता चैत्राच्या उन्हात पोत्यावर बसून एकेक झाड दाखवत होत्या. कापल्या जागी मोरचूद-चुन्याचा लेप कसा द्यायचा, तेही त्यांनीच शिकवलं. संध्याकाळी तिच्या तळहाताच्या फोडांना तूप लावलं.

"शिकलीस गं पोरी," म्हणाल्या.

वैशाख सरता सरता खुंटांना कोंब फुटले. दाट, हातभर लांब. दिशानं गोरखला मुद्दाम बोलावून आणलं. मागून मनकर्णाबाईही आल्या.

"बघा भावजी! कापडवाल्याच्या पोरीला जमायचं नाही म्हणत होता ना?"

गोरख हसत वाकला. कोंब हातात घेतला आणि त्याचं हसू गेलं. पानं नखाएवढी होती, देठाशी आकड्यासारखे काटे.

"वहिनी, ही रानबोर हाय. दादानं रानबोरीवर कलमाचा डोळा भरला हुता, त्याची ती गाठ. गोड झाड गाठीच्या वर असतंय. समदी खालनं कापली?"

"सगळी. आत्यांनी दाखवली तशी."

"आता पुन्हा डोळे भरले तरी संक्रांतीला बोर न्हाई लागायचं." मळा त्याच्याकडं येत होता, तरी त्याचा आवाज बसला. तो आईकडं वळला. "आई, तुला ठावं न्हवतं? दादा डोळे बांधत हुता तवा सुतळी तूच धरली हुतीस."

"व्हय. मीच धरली हुती."

"मग?"

मनकर्णाबाईंनी पदर सारखा केला. देवापुढं बोलावं तशा हळू बोलल्या.

"माझ्या लेकाच्या नावानं मी बोर खायचं सोडलंय. मग हिनं का खावं?"