फियाटचं पॅनेल

"जुनं पॅनेल आतून कुजलंय, असं तू सांगत फिरतोस म्हणे," सरपंच बाळाराम मोटारसायकलवरून उतरत म्हणाला.

नथूने मान वर केली नाही. "फिरत नाय. चहाला गेलो तवा बोललो. कुजलंयच ते."

"आणि नवं करतोयस?"

"करतोय की. या, दाखवतो."

टोकावड्याच्या पुढे रस्त्याकडेला नथूची पत्र्याची शेड होती. गाड्यांच्या गाद्या शिवायचा धंदा. आत एक जुनी फियाट दारं उघडी टाकून उभी होती. दारांचं आतलं हिरवं अस्तर काढून फळीवर पालथं घातलं होतं. रेक्झिन शाबूत, पण मागचा पुठ्ठा ओलीने फुगून त्याचा भुगा झाला होता. शिवणयंत्र बंद होतं. ते चालवणारी नथूची बायको सुंदरा सकाळच्या एसटीने मुरबाडला गेली होती.

"हे बघा, दाराचं पॅनेल."

बाळाराम क्षणभर बघत राहिला, मग पोट धरून हसला. "अरे तुझ्या! मला वाटलं, निवडणुकीला माझ्यासमोर पॅनेल उभं करतोस. आमच्या हरेशने टपरीवर तुझं ऐकलं नि सकाळपासून डोकं खाल्लं."

"गाद्या शिवणाऱ्याला कोण मत देतो, भाऊ?"

"तेच म्हटलं मी. आज तीनला अर्जांची मुदत संपली की ग्रामपंचायत बिनविरोध आपली." तो फियाटमध्ये ऐसपैस बसला. "पण शेड हलव हां. भाच्याला इथं ढाबा टाकायचाय. पहिल्याच सभेत ठराव घेतो."

"सतरा वर्षं झाली, भाऊ, इथं."

"म्हणून तर आधी सांगतोय."

नथूने पलीकडच्या टपरीवरून चहा मागवला. साबणाच्या पाण्याने रेक्झिन पुसलं, उन्हात मऊ केलं, नव्या पुठ्ठ्यावर मधून कडेकडे ताणत बसवलं. एक सुरकुती राहू दिली नाही. बाळाराम मजेत बघत होता, विचारत होता. नथू सगळं सावकाश समजावत होता. एक दार झालं, मग दुसरं.

"नवंकोरं वाटतं रे!"

"वरचं तेच हाय. आतलं बदललं."

साडेचारच्या एसटीतून सुंदरा उतरली. घामेजलेली, पण खुशीत.

"काय वहिनी, झाला बाजार?" बाळारामने गाडीतूनच विचारलं.

तिने पदर सारखा केला. "नाय भाऊ, बाजार राहिला. तहसीलात आमा सात जणींचे अर्ज भरता भरता तीन वाजले. तुमच्या वॉर्डात मीच हाय."