बंद कॅमेरा

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. बाहेर साथ, बाबा दवाखान्यात. घरात तान्हं बाळ रडून लालबुंद झालंय आणि आई भिंतीला टेकून नुसती बघतेय, उचलत नाही. बाळाची सात वर्षांची ताई घाबरून तिच्याजवळ उभी आहे.

टेबलावरच्या फोनवर नव्या आयांचा रोजचा गट जमला होता. नियम एकच: जिचा कॅमेरा बंद, तिला काही विचारायचं नाही. शिवणकाम करणाऱ्या आईचा कॅमेरा बंद होता, आवाजही.

"आपल्या शिंपीणबाई आजही पडद्याआड!" फोनमधली एक मावशी हसली.

"झोपू दे गं बिचारीला. बाळंतिणीला झोप म्हणजे सोनं."

आई पुटपुटली, "ताई, माझ्याच्याने नाही होत आता. मी नसलेलीच बरी. पण मावश्यांना एक शब्द सांगशील तर माझी शपथ आहे तुला."

शपथ मोडली की आई मरते, हे ताईला पक्कं ठाऊक होतं. तिने ओठ घट्ट मिटले. मग फोन उचलून आईसमोर धरला आणि कॅमेरा सुरू केला.